माड हे झाड आहे का?

२०१६ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने वृक्षसंरक्षणाच्या १९८४ सालच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि कायद्याच्या नजरेत माड झाड राहिला नाही. मी तेव्हा फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. अकरावीच्या वर्गातल्या एका मुलीने तास संपता संपता विचारले, "सर, माड हे झाड आहे की नाही?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि हा प्रश्न जीवशास्त्राच्या बाईंना विचार असे सांगून मोकळा झालो.

बाईंनी तिला जे सांगितले ते अचूक होते. माड एकदलिकित वनस्पती आहे. आंब्या-फणसाच्या खोडाला वर्षागणिक जाडी देणारा पेशींचा जो थर असतो तो माडात नसतो, म्हणून त्याच्या खोडात वाढीची वलये सापडत नाहीत. त्याला फांद्या नसतात, शेंडा एकच असतो आणि तो तोडला की माड मेला. नात्यागोत्याने पाहिले तर तो परसातल्या आंब्यापेक्षा शेतातल्या भाताला आणि उसाला जवळचा आहे. शेवटी बाईंनी हेही सांगितले की 'झाड' हा वनस्पतिशास्त्रातला वर्गीकरणाचा गटच नव्हे. तिथे कुळे असतात, प्रजाती असतात. झाड, झुडूप आणि वेल हे वाढण्याचे ढंग आहेत आणि एकाच कुळात तिन्ही सापडू शकतात. मुलगी दुसऱ्या दिवशी परत आली. "सर, बाईंनी सगळे सांगितले. पण म्हणजे आहे की नाही?"

तिला द्यायचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि ते का नव्हते याचा विचार करण्यात माझी बरीच वर्षे गेली. माडाविषयी जाणून घेण्यासारखे जे होते ते सारे जीवशास्त्राने तिच्यापुढे ठेवले होते. एकही तथ्य गहाळ नव्हते. तरीही प्रश्न जिथल्या तिथे उभा होता. विधानसभेतल्या वादाचेही तेच झाले होते. जुने, फळ न धरणारे माड तोडून नवे लावायला परवानगीसाठी शेतकऱ्याने ताटकळत का राहावे, असे एका बाजूचे म्हणणे होते. कायद्याचे कुंपण काढले की भाटेच्या भाटे, म्हणजे माडांच्या बागा, रिकामी होतील, अशी दुसऱ्या बाजूला भीती होती. माडाची ओळख दोन्ही बाजूंना सारखीच होती; सभागृहातले बहुतेक जण माडाच्या सावलीत वाढलेले. लाकडी खोड आणि त्या खोडावर पेललेल्या फांद्या ही झाडाची व्याख्या मानायची की नाही, एवढ्यावर सगळे येऊन अडले होते. पुढच्या वर्षी सरकार बदलले, माडाला राज्यवृक्षाचा मान देण्याचा आणि कायद्यातले त्याचे स्थान त्याला परत करण्याचा निर्णय झाला. या दोन वर्षांत माडात तसूभरही फरक पडला नव्हता.

(आपल्या भाषेत 'झाडेमाडे' असा एक जोडशब्द आहे. मराठीनेच माडाला झाडांतून वेगळे काढले आहे, असा युक्तिवाद त्या वेळी कुणाला सुचला नाही हे बरे झाले. 'मुलेबाळे' म्हणताना बाळे ही मुले नव्हेत असे आपण समजत नाही.)

गोष्टीचा याहून गमतीचा भाग कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून देशातले वनाच्छादन मोजते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वृक्षांच्या शेंड्यांची सावली दहा टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर ती जमीन कुणाच्या मालकीची आहे आणि तिथे कोणती जात वाढते आहे हे न पाहता तिची गणना वनाच्छादनात होते. त्यामुळे नारळाची बागही त्यात येते. म्हणजे सासष्टीतले एखादे दाट भाट त्या काळात दिल्लीच्या हिशेबात वन होते आणि पणजीच्या हिशेबात त्यात एकही झाड नव्हते. दोन्ही नोंदी आपापल्या व्याख्येप्रमाणे बिनचूक होत्या. उपग्रह चुकला नव्हता, विधिमंडळाचे मुद्रितही चुकले नव्हते.

इथे मला न्यायदर्शनाची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, आठवण होते. संस्कृत शिकणाऱ्या मुलांना अजूनही तर्कसंग्रहातून लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष पाठ करावे लागतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे तांबूस रंगाचे जनावर, असे म्हटले तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेले जनावर, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे अखंड खुराचे जनावर, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. या मोजपट्टीने पाहिले तर फांद्यांची अट घालणारी व्याख्या माडाला बाहेर टाकते, आणि दहा टक्के सावलीची व्याख्या पोफळीची बागही वनात ओढते. पहिलीत अव्याप्ती, दुसरीत अतिव्याप्ती. उपकरण जुने असले तरी धार चांगली आहे.

पण ते इथे पुरते का? माझ्या मते अर्ध्यावरच थांबते. नैयायिकाने लक्षण तपासायला घेतले तेव्हा गाय म्हणजे काय हे गोठ्यातल्या गुराख्यापासून पाठशाळेतल्या पंडितापर्यंत सगळ्यांना आधीच ठाऊक होते. व्याख्या त्या ठरलेल्या गाईला नीट बसते की नाही, एवढेच पाहायचे होते. आपली अडचण अशी की ज्याचे लक्षण करायचे ते लक्ष्यच वादात आहे. गोव्यातली 'खासगी वने' कशी ओळखायची याचे निकष घ्या. जमीन किमान पाच हेक्टर असावी, तिच्यावरच्या झाडांपैकी पंचाहत्तर टक्के वनजातींची असावीत आणि शेंड्यांच्या आच्छादनाची घनता ०.४ हून कमी नसावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्याप्रमाणे घ्यावा असे म्हटल्यापासून हे निकष सैल करावेत की आहेत तसे ठेवावेत यावर गोव्यात वर्षानुवर्षे खटले चालले आणि समित्यांवर समित्या बसल्या. एखाद्या डोंगरउतारावरची घनता ०.३८ आहे की ०.४१, हे प्रशिक्षित माणूस उपकरण घेऊन सांगू शकतो आणि दुसरा माणूस ते पडताळू शकतो. हे विज्ञान झाले, आणि ते उत्तम झाले. पण रेघ ०.४ वरच का मारायची, ०.३ वर का नाही, हे त्या उपकरणाला विचारता येत नाही. त्यासाठी वन आपल्याला कशासाठी हवे हे आधी ठरवावे लागते. झऱ्यांसाठी हवे असेल तर एक रेघ निघते, गव्यारेड्यांसाठी हवे असेल तर दुसरी, लाकडासाठी हवे असेल तर तिसरी.

विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांचे नाते या विषयावर आपल्याकडे जी व्याख्याने होतात त्यांत बहुधा दोन भूमिका ऐकू येतात. पहिली अशी की तत्त्वज्ञान हे विज्ञानाचे बालपण होते. विज्ञान वयात आले आणि तत्त्वज्ञानाचे काम संपले. दुसरी अशी की विज्ञान जिथे थकते तिथून तत्त्वज्ञान सुरू होते आणि ते अधिक उंचावर असते. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हींत ही दोन शेते वेगवेगळी मानून मध्ये बांध घातला आहे. माझे म्हणणे असे की तत्त्वज्ञान विज्ञानाच्या आधीही नसते आणि नंतरही नसते. ते आतच असते, मुख्यतः व्याख्येत आणि 'कारण' या शब्दात. तिथे ते दिसत नाही म्हणून ते नाही असे आपण समजतो, आणि मग ते काम दुसरेच कुणी उरकून टाकतात.

आधी पहिल्या भूमिकेकडे पाहू. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये लिओनार्ड म्लोडिनॉव्ह यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाच्या आरंभीच तत्त्वज्ञान मेले आहे असे जाहीर केले. वृत्तपत्रांनी ते वाक्य उचलले. पण त्याच पुस्तकात पुढे लेखकांनी असे मांडले आहे की जगाचे आपल्या सिद्धान्ताहून वेगळे असे निखळ चित्र मिळत नसते. निरीक्षणाशी जुळणारी प्रतिमाने असतात आणि दोन प्रतिमाने सारखीच जुळत असतील तर त्यांतले खरे कोणते हे विचारण्यात अर्थ नसतो. हे विधान कोणत्याही दुर्बिणीतून दिसलेले नाही. ते तत्त्वज्ञान आहे, आणि त्यावर अडीचशे वर्षे वाद चालू आहे. ज्याची तेराव्याची पंगत वाढून ठेवली होती तोच पंगतीत येऊन बसला.

याउलट आइन्स्टाइनचे. १९०५ मध्ये त्याने जो पेच सोडवला त्याची बरीचशी गणिते इतरांनी आधीच मांडून ठेवली होती. त्याने विचारलेला प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल असा होता: लांबवर असलेल्या दोन ठिकाणच्या घटना 'एकाच वेळी' घडल्या असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? ते कोणत्या घड्याळाने, कोणत्या खुणेने ठरवायचे? तोवर 'एकाच वेळी' हा शब्द सगळ्यांना इतका समजलेला होता की त्याची व्याख्या कुणी मागितलीच नव्हती. ती मागितल्याबरोबर दिसले की एका निरीक्षकाला ज्या घटना एकाच वेळच्या, त्या त्याच्या सापेक्ष वेगाने जाणाऱ्याला तशा नसतात. हा विचार करण्याचे बळ आपल्याला तत्त्वज्ञ ह्यूम आणि भौतिकशास्त्रज्ञ माख यांच्या वाचनाने दिले, असे आइन्स्टाइनने स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. मी तीस वर्षे हा भाग शिकवला आणि पहिली वीस वर्षे तो गणिताचा भाग म्हणून शिकवला, याची मला आज लाज वाटते.

प्लूटोची हकीकतही इथलीच. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान करून ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला. मतदानाने विज्ञान ठरते का, असे तेव्हा पुष्कळांनी हसत हसत विचारले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. प्लूटोच्या जवळपास आकाराचा एरिस नावाचा गोल २००५ मध्ये सापडल्याचे जाहीर झाले होते आणि आणखी बरेच सापडण्याची लक्षणे होती. यादी वाढवायची की अट घालायची, याचे उत्तर आकाशात लिहिलेले नव्हते. शास्त्रज्ञांनी ते उघडपणे, कारणे देऊन, विरोधकांची भाषणे ऐकून ठरवले. विधानसभेने माडाला वगळले त्यात आणि यात मला दिसणारा फरक एवढाच की प्लूटोवर कुणाला कुऱ्हाड चालवायची नव्हती. आणि फरक एवढाच आहे म्हणूनच आपल्या बाबतीत व्याख्येची चर्चा प्रागमधल्यापेक्षा कसून व्हायला हवी होती.

मराठीत हा गोंधळ थोडा शब्दांमुळेही होतो. आपण सायन्सला 'शास्त्र' म्हणतो आणि 'विज्ञान'ही म्हणतो. पण शास्त्र म्हणजे अनुशासन, सांगून ठेवलेला नियम. म्हणून वेदशास्त्र आणि रसायनशास्त्र एका शब्दात बसतात, आणि नैवेद्याच्या पानात खीर चमचाभर वाढताना आजी 'शास्त्रापुरती' असे म्हणते. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात तर प्रपंचाच्या जाणिवेला विज्ञान म्हटले आहे आणि ज्ञान त्याहून वेगळे ठेवले आहे. या वारशामुळे 'शास्त्रीय अहवाल' हे शब्द कानावर पडले की आपल्या मनात नकळत आदेशाचा भाव जागा होतो. अहवालात असे म्हटले आहे, आता बोलायचे काय! अहवालाने मोजले काय आणि गृहीत काय धरले, हे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

गोमंतकाच्या मातीतल्या एका माणसाने हा उद्धटपणा केला होता. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला मांडवीकडे जाताना संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारिया यांचा पुतळा आहे: अंगरखा वाऱ्यावर उडालेला, दोन्ही हात पुढे पसरलेले आणि समोर कलंडत जाणारी एक स्त्री. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेले हे शिल्प सुंदर आहे, पण माझी त्याच्याविषयी एक तक्रार आहे आणि ती पुढे येईल. फारिया १७५६ मध्ये बार्देशातल्या कांदोळीत जन्मले, लहानपणीच वडिलांबरोबर युरोपात गेले, धर्मोपदेशक झाले, फ्रान्समध्ये काही काळ तत्त्वज्ञान शिकवत होते. त्यांच्याआधी मेस्मर नावाचा वैद्य पॅरिस गाजवून गेला होता. माणसांच्या शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो आणि तो आपल्याला वळवता येतो, असा त्याचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याची चौकशी करायला आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी केलेले प्रयोग आजही विद्यार्थ्यांना शिकवावेत असे आहेत. फ्रँकलिन यांच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात तो द्रव भरण्यात आला आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडापाशी. आयोगाने निर्णय दिला: द्रव वगैरे काही नाही, जे घडते ते कल्पनेने घडते.

हा विज्ञानाचा निखालस विजय होता आणि द्रवाचा प्रश्न तिथे संपला. पण आयोगाने 'कल्पना' हा शब्द प्रकरण बंद करण्यासाठी वापरला होता. नुसत्या कल्पनेने एक मुलगा जमिनीवर पडतो कसा, हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यांना नेमून दिलेले काम ते नव्हते. फारियांनी नेमके तिथेच बोट ठेवले. पॅरिसमध्ये १८१३ पासून त्यांनी जाहीर प्रयोग दाखवले आणि १८१९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की झोप आणणाऱ्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते. झोपेचे कारण झोपणाऱ्याच्या मनात असते, आणि दुसऱ्याचा शब्द ते फक्त जागे करतो. तथ्ये तीच होती, जी मेस्मरपाशी होती आणि आयोगापाशीही होती. फारियांनी कारणाची जागा बदलली. हे काम कोणत्या खात्यात घालायचे? प्रयोगशाळेतून निघालेली नवी नोंद म्हणून ते विज्ञान नव्हे. आणि त्याच्याशिवाय पुढच्या शतकातले संमोहनाचे विज्ञान उभे राहिले नसते, म्हणून केवळ चिंतनही नव्हे. माझी पुतळ्याविषयीची तक्रार ही आहे: पसरलेले हात पाहून येणाराजाणारा असेच समजतो की शक्ती हातांतून निघते आहे, आणि फारियांनी आयुष्यभर नाकारली ती हीच समजूत.

त्यांच्याविषयी कांदोळीपासून पणजीपर्यंत सांगितली जाणारी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन देताना तरुण फारियांची जीभ लुळी पडली, तेव्हा व्यासपीठाखाली बसलेल्या वडिलांनी कोकणीतून हळूच सांगितले की ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि मुलगा धडाधड बोलू लागला. गोष्ट खरी की रचलेली हे बाजूला ठेवू. समोरच्या दरबाऱ्यांना दरबारी न समजता भाजी समजायचे, एवढ्या एका नावबदलाने भीती गेली. व्याख्येचे सामर्थ्य यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

आता दुसऱ्या भूमिकेविषयी, आणि थोडक्यात, कारण तिच्यावर वेळ घालवावा असे तिच्यात फारसे नाही. अणूच्या पोटातल्या अनिश्चिततेवरून अद्वैत सिद्ध करणारी, किंवा पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते असे सांगणारी व्याख्याने आपल्याकडे सभागृहे भरतात. तत्त्वज्ञान जेव्हा तथ्ये पुरवू लागते तेव्हा ते हमखास हरते. आकाशस्थ गोल परिपूर्ण असलेच पाहिजेत हे तर्काने ठरवून झाल्यावर गॅलिलिओच्या दुर्बिणीत चंद्रावर डोंगर दिसले, ही त्याची जुनी शिक्षा. नैयायिकाने अनुमानाचे नियम कितीही बारकाईने बांधले असले तरी मलेरियाचा परजीवी डासातून येतो हे त्याला आसनावर बसून कळले नसते. मोजायचे ते मोजलेच पाहिजे. माझा आग्रह फक्त असा आहे की मोजण्याआधी काय मोजायचे हे कुणीतरी ठरवलेले असते, त्याचे नाव आणि त्याची कारणे आपल्याला कळली पाहिजेत.

दामोदर कोसंबी यांच्यात या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेला हा गणिती प्राचीन आहत नाणी हजारोंनी घेऊन संवेदनशील काट्यावर तोलत बसला. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. म्हणून एकाच प्रकारच्या पुष्कळ नाण्यांचे वजन घेतले तर त्यांचा चलनातला काळ संख्याशास्त्राने काढता येतो. मोजमाप याहून कोरडे असू शकत नाही. पण त्याच कोसंबींनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात आरंभी इतिहासाची व्याख्या केली: उत्पादनाची साधने आणि उत्पादनसंबंध यांत एकामागून एक झालेल्या बदलांची कालक्रमाने केलेली मांडणी. ती व्याख्या मला अपुरी वाटते. तीत भक्ती बसत नाही, भाषा जेमतेम बसते. पण ती पहिल्या पानांत उघड्यावर ठेवलेली आहे म्हणून मला तिच्याशी भांडता येते. आपल्या सरकारी आणि निमसरकारी अहवालांशी मला भांडताही येत नाही, कारण त्यांची व्याख्या परिशिष्टातल्या एखाद्या कोष्टकाच्या मथळ्यात दडलेली असते.

म्हादई नदीच्या, म्हणजे पणजीजवळ समुद्राला मिळणाऱ्या मांडवीच्याच, पाणीवाटपाचे पाहा. लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. खोऱ्यात पाऊस किती पडतो, किती पाणी वाहते, यावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. पण वादात वारंवार येणारा 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हा शब्दप्रयोग कोणत्या पर्जन्यमापकाने दिला? नदीचे पाणी समुद्राला मिळते तेव्हा ते मांडवीच्या मुखातला खारेपणा मागे रेटते, त्यावर तिसऱ्या आणि इतर शिंपले, कोळंबी आणि खाडीकाठची शेती चालते. प्रवाह इतका कमी झाला तर खारे पाणी किती आत येईल हे दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ प्रतिमानाने काढू शकतात. ते खारे पाणी आत येणे हे 'नुकसान' की 'बदल', आणि न वापरलेले पाणी 'शिल्लक' की 'नदी', हे मात्र शब्द निवडणाऱ्याने ठरवलेले असते. आमच्या बाजूचे लोकही यात धुतल्या तांदळासारखे नाहीत. 'नैसर्गिक प्रवाह' हा शब्द आपण असा वापरतो की जणू अंजुणे धरण आपल्या आजोबांच्याही आधीपासून डोंगरातच उगवले होते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. जनसुनावणीसाठी ठेवल्या जाणाऱ्या प्रत्येक शास्त्रीय अहवालाला एक आरंभीचे प्रकरण असावे आणि ते लोकांच्या भाषेत, म्हणजे मराठीत आणि कोकणीत, असावे. अहवालातले चार-पाच कळीचे शब्द कोणते, त्यांच्या कोणत्या व्याख्या उपलब्ध होत्या, त्यांतली कोणती घेतली, का घेतली आणि दुसरी घेतली असती तर निष्कर्ष किती हलला असता, एवढे त्यात यावे. हे तज्ज्ञांवर अविश्वास दाखवणे नव्हे. व्याख्येचा निर्णय तज्ज्ञाच्या पदरात गुपचूप टाकून मग त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करण्याची जी आपली रीत आहे, तिच्यातून त्याची सुटकाच होईल. यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे: सामान्य माणसाला व्याख्येत रस नसतो, त्याला निकाल हवा असतो. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हक्क देणाऱ्या मुंडकारी कायद्याने घर नावावर झालेल्या किंवा न झालेल्या एखाद्या कुटुंबाला 'मुंडकार' शब्दाच्या व्याख्येत रस आहे की नाही, हे आक्षेप घेणाऱ्याने एकदा विचारून पाहावे. प्रत्येक उपवाक्य त्यांना पाठ असते.

तरी ही मागणी मान्य झाली तरी सगळे सुरळीत होईल, अशा भ्रमात मी नाही, आणि त्याचे कारण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या मामाचे शेत तिसवाडीतल्या एका खाजनात आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहून खाली असलेली, बांध घालून खाडीकडून सोडवून घेतलेली जमीन. बांधात मानस असते. तिची लाकडी दारे ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतात. काही वर्षांपूर्वी श्रावणात, भरतीच्या रात्री, बांध फुटला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा पोटरीएवढ्या भातावरून खारे पाणी संथपणे फिरत होते आणि मानशीचे एक दार बिजागरीतून निखळून तिरके लोंबत होते.

बांध का फुटला? मामाच्या शेजाऱ्याच्या मते दाराची फळी दोन वर्षे कुजत होती आणि ती बदलायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती बदलली नाही. खाडीत मासे मारणाऱ्या एकाच्या मते बार्जच्या लाटांनी बांधाचे पाय खाल्ले होते. मी, पदार्थविज्ञानाचा मास्तर, पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक आणि मातीत मुरलेल्या पाण्याचा दाब सांगू लागलो. मामा म्हणाला की पूर्वी बांधावर उन्हाळ्यात चिखल चढवायला घरटी माणूस यायचा, आता कुणी येत नाही. यांतले एकही खोटे नव्हते. चारही गोष्टी नसत्या तर बांध कदाचित टिकला असता, आणि चौघांनी निवडलेल्या कारणांतून चार वेगळी माणसे जबाबदार ठरत होती. माझ्या कारणातून तर कुणीच नाही.

दुपारी तलाठी पंचनाम्याला आला. तरुण मुलगा होता, चिखलात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधाच्या टोकापर्यंत चालत गेला, सगळ्यांचे ऐकून घेतले. छापील नमुन्यात 'कारण' या शब्दापुढे दोन बोटे जागा होती. त्याने पेन टेकवून मामाकडे पाहिले. मामाने भाताकडे पाहिले. बांधाची फळी कुजली असे लिहिले तर भरपाईचा कागद कुठे कुठे फिरेल हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

"अतिवृष्टी लिहा, सायबा," मामा म्हणाला.

त्या रात्री पाऊस पडलाच नव्हता. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून दुसरी सही माझी आहे.